मांडीवरून आलेली कुंडी

कळंब,
१४ फेब्रुवारी १९४४

थोरल्या अक्कांना,
धाकट्या इरम्माचं शरणु शरणार्थी.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मी तुम्हाला पत्र लिहिलं नाही आणि तुम्हीही मला लिहिलं नाही. आज लिहिते आहे ते कामापुरतं, हे आधीच सांगून ठेवते. मी या घरात आले म्हणून तुम्ही नळदुर्गला वडलांच्या पानमळ्यात राहायला गेलात, असं सगळं कळंब म्हणतं. माझ्या तोंडावर म्हणत नाही, एवढंच.

मालकांनी मार्गशीर्षात हैदराबादेहून माझ्यासाठी एक झाड आणलं. कुण्या नवाबाच्या बागेतलं आहे, ऑर्किड म्हणतात त्याला. कुंडी एवढीशी, तळाशी पाच जाड पानं, मधून एक लांब दांडा आणि त्याला अकरा फुलं. पांढरी, आत जांभळा ठिपका असलेली. दोन महिने त्यातलं एक सुकलं नाही. तहसीलदारांच्या घरच्या बायका बघून गेल्या, आडतीवरचे हमालसुद्धा दाराशी येऊन बघून गेले. मालक जेवण झालं की कुंडीजवळ खुर्ची टाकून बसायचे. मी तिथंच सुपारी कातरत बसायची.

परवापासून फुलं गळायला लागली. आज शेवटचं पडलं. मालक म्हणाले, "आता हे ठेवून काय करायचं? दे टाकून, दुसरं आणू." ते अगदी सहज म्हणाले. पण अक्का, मला ते माझ्याबद्दलच ऐकू आलं. तुमच्या कानावर आलंच असेल, माझे दोनदा दिवस गेले आणि दोनदा राहिलं नाही. मागच्या महिन्यात वैद्यांनी मालकांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते मला कुणी सांगत नाही.

म्हणून हे झाड मला पुन्हा फुलवून त्यांना दाखवायचं आहे. टाकायचं नाही. मी सोलापूरच्या गल्लीत वाढले, आमच्या दारात तुळशीपलीकडं काही नव्हतं. तुमच्या हाताला गुण आहे, असं मालकच म्हणतात, आणि बरेचदा म्हणतात. फुलं गेल्यावर याचं काय करायचं असतं? दांडा कापायचा का? पाणी किती घालायचं? कुंडीच्या बाहेर पांढरी मुळं लोंबताहेत, ती छाटायची का? उत्तराची वाट बघते.

इरम्मा


नळदुर्ग,
फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८६५

इरम्मा,

पत्र पोचलं. तुझं अक्षर लई देखणं हाय. सोलापूरच्या साळंत पोरींना हेच शिकिवत असत्यात. माझं वाकडंतिकडं हाय, समजून घे.

तुझं झाड मला ठाऊक हाय. मालक ज्या मोटारीनं हैदराबादेहून आले, ती इथं नळदुर्गातच चहाला थांबली व्हती. डायवरनं सांगितलं, शेटनी अख्ख्या वाटंनं कुंडी मांडीवर धरली, वरून स्वतःची शाल पांघरली. चहा पितानाबी खाली ठेवली न्हाय. माझं घर तिथनं हाकेवर हाय. पण कुंडीला वारा लागंल म्हणून वळले न्हाईत आणि तसेच म्होरं गेले. अठरा वर्षांच्या संसारात त्यांनी मला हैदराबादेहून एकच वस्तू आणली, कुलूप. चांगलं हाय, पितळी हाय. अजून चालतंय.

असू दे. तू इचारलंस ते सांगते. इथं डाकबंगल्याच्या बागंत बाबामियाँ माळी हाय. साहेबलोकांची असली झाडं त्यानं जन्मभर सांभाळली. त्याला इचारून लिहिते.

पयलं त्या कुंडीतले कोळसे, खापरं, साली सगळं झाडून टाक. त्यात काय झाडाला खायला हाय? आपल्या रानातली काळी माती आण, त्यात मुरलेलं लेंडीखत कालव आणि झाड गळ्यापतुर दाबून लाव. लोंबती मुळं छाटून टाक, ती ऐतखाऊ असत्यात. दांडा मुळातनं काप. कुंडी अंगणात भर उन्हात ठेव. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घाल, पानांच्या मधोमध. पानं पिवळी पडली तर भिऊ नको. जुनं जाऊन नवं येतंय असं समजायचं.

बाकी हात देवानं दिलेला असतोय. कुणाचा गुण येतो, कुणाचा येत न्हाय.

शांतम्मा


कळंब,
११ एप्रिल १९४४

अक्का,

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. रानातली माती मागवली, खत घातलं, मुळं छाटली, दांडा कापला. दोन्ही वेळा पाणी मी स्वतः घालते, मोलकरणीला हात लावू देत नाही. पाचातली तीन पानं पिवळी होऊन गळली. भिऊ नको म्हणालात म्हणून भ्याले नाही. पण आता बुडखा काळा पडलाय आणि कुंडीला कुजका वास येतोय. मालक म्हणाले, "अजून टाकलं नाहीस होय ते?" म्हणून मी ती आडाच्या मागं नेऊन ठेवली, त्यांच्या नजरेआड.

पाणी कमी पडतंय का? ऊन कडक आहे, तिसऱ्यांदा घालू का?

आणखी एक लिहायचं होतं. तुम्ही उत्तर देणार नाही, असं मी धरून चालले होते. तुम्ही माळ्याला विचारून दोन पानं भरून लिहिलंत. मी शेजारच्या सिताबाईंना पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, लोक काहीही बोलतात, आमच्या अक्का तशा नाहीत. मीच तुमच्याबद्दल काय काय मनात धरून बसले होते, त्याची लाज वाटली.

तुम्ही सांगाल ते करीन.

तुमची
इरम्मा


नळदुर्ग,
चैत्र वद्य दशमी, शके १८६६

इरम्मा,

पाणी घालू नको. थेंबभरबी घालू नको. हे वाचलंस की हातातलं काम ठेव आणि कुंडी फोड, झाड मातीतनं बाहेर काढ. मग बाकीचं वाच.

बाबामियाँला म्या खरंच इचारलं व्हतं. त्यानं सांगितलेलं सगळं ध्यानात ठेवलं आणि तुला नेमकं उलटं लिहिलं. एक गोष्ट सरळ लिहिली न्हाय. टपालात टाकून घरी आले आणि पोटभर जेवले.

तो म्हणला व्हता, "बीबी, इसकू मट्टी नक्को. ये मट्टी का झाड नै, हवा का झाड है." ही झाडं रानात दुसऱ्या झाडांच्या अंगावर ऱ्हात्यात. मुळं उघडी असत्यात, त्यांनीच पाणी पित्यात. ती तू माझ्या सांगण्यावरनं छाटलीस. कोळसा, खापर, साल हेच त्याचं घर. पाणी आठ-दहा दिसांनी एकदा, तेबी बुडातनं निथळून जाया पायजे. पानांच्या पोटात पाणी साचलं की कुजतंय. ऊन कोवळं, सकाळचं. दांडा हिरवा आसंल तर खालनं दोन पेरं ठेवून वरचा कापायचा, वाळला आसंल तरच बुडातनं. आणि मग गप बसायचं. फुलं गळली म्हणजे ते मेलं न्हाय, झोपलंय, असं बाबामियाँ म्हणतो. आठ-आठ, दहा-दहा महिने काय करत न्हाय. त्याला उठवायला गेलं की मरतंय.

का केलं इचारशील. मत्सरानं केलं. दुसरं नाव न्हाय त्याला. मालक दुसरी बाईल करणार हे मला आठ दिस आधी कळलं, ते म्या गिळलं. मूल न्हाय तर माणूस करणारच, म्हणलं. पण मांडीवर कुंडी घेऊन माझ्या दारावरनं गेले, ते गिळलं न्हाय गेलं. तुझं झाड मरावं आणि तुझ्याच हातनं मरावं, असं वाटलं.

पण तू लिहिलंस, तुम्ही सांगाल ते करीन. हेच म्या एका माणसाला अठरा वर्षं म्हणत व्हते. तिथं म्या ताट सारलं आणि हे लिहाया बसले.

झाडात जीव आसंल तर वाचव. नसंल तर मला शिव्या घाल.

शांतम्मा


कळंब,
२५ एप्रिल १९४४

शांतम्मांना,

झाड पाठवते आहे. तुम्ही मारलंत, तुम्हीच वाचवा. मोटारवाल्याजवळ टोपलीत घालून दिलंय. दोन पानं आहेत आणि बोटाएवढी तीन मुळं. बाकी सगळं कुजून हातात आलं. मेलं तर तिथंच पुरा, मला कळवू नका.

सिताबाईंना काय सांगू? तुमचं पत्र मी त्यांना कौतुकानं वाचून दाखवलं होतं.

तुम्ही मत्सराचं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. तुम्हाला वाटतं, तुम्ही गेलात आणि मी या घरात राणी झाले. अक्का, या घरात मसाल्याचा डबा कुठं ठेवायचा ते तुम्ही ठरवलेलं आहे. मी तो हलवला की स्वयंपाकीण परत तिथंच ठेवते. शेंगांची चटणी वाटली की मालक एक बोट चाखतात आणि वाटी बाजूला सारतात. तुमची कशी असायची ते मला माहीत नाही, पण माझी तशी नसते, एवढं मला चार वर्षं रोज कळतं. आणि बाहेरून दमून आले, उंबऱ्यावर बसले की हाक मारतात, "शांते, पाणी." मी पाणी घेऊन जाते. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही येत नाही. मी कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. मला एक झाड दिलं होतं, ज्याच्यावर तुमचा हात फिरला नव्हता. तेवढंही तुम्ही ठेवलं नाहीत.

आता खुशाल पोटभर जेवा.

इरम्मा


नळदुर्ग,
वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १८६६

इरम्मा,

टोपली पोचली. कळवू नको म्हणलीस, तरी कळवते.

बाबामियाँला बोलावलं. त्यानं झाड हातात घेतलं आणि माझ्या तोंडाकडं बघितलं. त्याला म्या काय इचारलं व्हतं आणि त्यानं काय सांगितलं व्हतं, ते त्याच्या ध्यानात व्हतं. त्यानं मुळं धुतली, कुजकं कापलं, कापलेल्या जागी लाकडाची राख चोळली. दोन दिस सावलीत उघडं टांगलं. मग कुंडीत कोळसा, खापर घालून वर नुसतं टेकवलं. जाताना म्हणला, "अल्ला की मर्जी." त्याचा मला राग आला. माझ्या मर्जीचं काय, असं मनात म्हणलं.

कुंडी पानमळ्यात टांगलीय. पानवेली चढवायला आमी शेवरीची झाडं लावतो, त्याच्या सावलीत ऊन चाळून येतंय. तसल्या एका शेवरीच्या बुंध्याला लागून बांधलीय.

तुझं पत्र म्या चारदा वाचलं. "शांते, पाणी" हे जास्तच येळा वाचलं. तुझा राग यायला पायजे व्हता, पण आला न्हाय. खरं सांगू का, त्या दिशी म्या केसांना तेल लावलं. म्हातारीचं डोकं फिरलं असं वाटंल तुला. वाटू दे.

चटणीत शेंगा भाजताना जरा करपू द्यायच्या असत्यात. हे म्या कुणाला सांगितलं न्हवतं.

शांतम्मा


कळंब,
९ ऑक्टोबर १९४४

अक्का,

पाच महिने झाले. झाड आहे की गेलं, एवढंच दोन ओळीत कळवा. माझं झाड आहे, मला विचारायचा हक्क आहे.

शेंगा करपवून बघितल्या. मालकांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. मग म्हणाले, "अगदी थोरलीच्या हातची." मी डबा फडताळात ठेवला, पुन्हा केली नाही.

इरम्मा


नळदुर्ग,
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८६६

इरम्मा,

हाय. एक नवं पान आलंय, नखाएवढं. आणि पावसाळ्यात दोन मुळं सुटली, चांगली जाड, टोकाला हिरवी. ती कुंडी सोडून शेवरीकडं निघालीत. बाबामियाँ म्हणतो, जाऊ द्या.

तुझं झाड तुझं झाड म्हणतीस. दर आठ दिसांनी पाणी कोण घालतंय? उन्हाळ्यात ओलं गोणपाट कोण बांधत व्हतं? पानमळ्यातली गडीमाणसं हसत्यात मला. म्हणत्यात, शांताक्कांनी बांडगूळ पाळलंय. तुला बघायचं आसंल तर ये. नेऊ मात्र देणार न्हाय.

आणि चटणी करणं सोडू नको. वरचेवर तुझ्या हातची खाल्ली की तीच जिभंवर बसंल. माझंबी असंच झालं व्हतं, त्यांच्या आईची चटणी जिभंवरनं काढायला तीन वर्षं लागली.

शांतम्मा


नळदुर्ग,
पौष शुद्ध षष्ठी, शके १८६७

इरम्मा,

सव्वा वर्षात तुझं पत्र न्हाय. माझंबी न्हाय. आज लिहिल्याबिगर ऱ्हावंना.

फुललंय. दिवाळीत थंडी पडली तसं पानाखालनं एक कोंब आला. मुळी म्हणून सोडून दिलं. मग ते वर वळलं तशी बाबामियाँची दाढी हलाया लागली, म्हणला, "बीबी, ये दांडी है." महिन्यात हातभर झालं. आज तेरा फुलं हाईत. तुझ्याकडं अकरा व्हती.

मालक हैदराबादला निघाले व्हते, मोटार इथं थांबली. कुणीतरी सांगितलं आसंल, मळ्यात बघायला आले. बघत उभे ऱ्हायले. मग चप्पल काढून बांधावर बसले. म्हणले, "तेच का हे? कळंबचं?" म्या म्हणलं, तेच. म्हणले, "म्या तर टाकून दे म्हणलं व्हतं." म्या म्हणलं, आमी टाकत न्हाय.

हैदराबादचं काम दुसऱ्यावर सोपवलं आणि चार दिस ऱ्हायले. सहा वर्षांत पयल्यांदा. सकाळ झाली की मळ्यात खुर्ची टाकायची, तिथंच चहा, तिथंच न्याहारी. म्या केलेली पुरणाची होळगी खाल्ली. पाण्याला हाक मारली ती माझ्याच नावानं, आणि आले ते म्याच. ह्ये तुला मुद्दाम लिहिते. तुला लागावं म्हणून लिहिते. लई दिस तुझ्याकडं व्हतं, आता जरा माझ्याकडं.

जाताना दोनदा इचारलं, "ही फुलं किती दिस टिकत्यात? माघात असतील न्हवं?" म्या म्हणलं, माघ सरंस्तोवर एक पडायचं न्हाय. लई खूश झाले. माघात परत येतो म्हणले. इरकली लुगडं पेटीतनं काढून उन्हाला घातलंय.

शांतम्मा


कळंब,
१६ जानेवारी १९४६

अक्का,

तुमचं पत्र वाचून मी ते फाडलं. तुकडे चुलीत घातले. तुम्हाला लागावं म्हणून लिहिलं होतं ना, लागलं. तेरा फुलं. चार दिवस मी अन्न गोड लागून जेवले नाही. तुमच्यावर वीज पडावी, झाडावर पडावी, असलं काय काय म्हटलं.

मग काल मालकांनी जेवताना सांगितलं. अक्कलकोटला एक मुलगी बघितली आहे. सतरा वर्षांची. वैद्यांनी माझ्याबद्दल सांगितलं होतं ते हेच की, मला मूल टिकायचं नाही. दोन वर्षं ते मनात ठेवून होते. माघात बोलणी पक्की करायला जायचं. मुलीच्या वडलांना बागेचा फार शौक आहे. मालक म्हणाले, "रिकाम्या हातानं कसं जायचं? नळदुर्गला कुंडी काय सुंदर फुललीय, ती मुलीला नेऊ. माघ सरेपर्यंत टिकतात म्हणाली शांता."

अक्का, त्यासाठी विचारलं त्यांनी दोनदा.

खरं लिहिते. हे ऐकल्यावर मला आधी रडू आलं नाही. आधी हसू आलं, आणि ते तुमचं आलं. तुमचं लुगडं डोळ्यापुढं आलं. म्हटलं, बरं झालं, त्या चार दिवसांतही काही नव्हतं. पान वाढलेलं तसंच टाकून मी मागं आडावर गेले आणि तिथं हसत बसले. मग कधी रडायला लागले कळलं नाही.

ते तुमच्याकडं दोन गोष्टींसाठी येणार आहेत, कुंडी आणि विडा. घरात दुसरी-तिसरी आणायची तर थोरलीनं मठात पंचांसमोर मुलीच्या वडलांच्या हातात विडा द्यावा लागतो. तिनं दिला नाही तर स्वामी लग्नाला उभे राहत नाहीत, ही आपल्याकडची रीत. माझ्या वेळी तुम्हीच दिला होतात. वडलांच्या मागं मी उभी होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत आणि मला वाटलं, किती गर्विष्ठ बाई आहे.

मी काही मागत नाही. मागायला मला तोंड नाही.

इरम्मा


नळदुर्ग,
माघ शुद्ध पंचमी, शके १८६७

इरम्मा,

झालं ते सांगते, मग तू काय समजायचं ते समज.

काल मालक आले. संगं पंचातले दोघं, आणि मोटारीत कुंडी ठेवायला गवत घातलेलं खोकं. म्या इरकली नेसले व्हते. तुझं पत्र आल्यावरबी नेसले, कारण पेटीतनं काढलंच व्हतं आणि आता ठेवायचं कुणासाठी.

आधी मळ्यात गेले. कुंडी सोडवायला दोरी कापली, तर कुंडी हलंना. मुळं सगळी शेवरीला चिकटलीत, बोटबोट जाड, सालीत रुतून बसलीत. कुंडी नावालाच हाय, झाड शेवरीचं झालंय. मालक म्हणले, "विळा आण, तोडून काढू." म्या म्हणलं, तोडा. पण मूळ तुटलं की तासाभरात फुलं माना टाकत्यात. अक्कलकोटपतुर नुसता दांडा पोचंल. मालकांनी बाबामियाँकडं बघितलं. बाबामियाँ माझ्याकडं बघत म्हणला, "सच है, शेटजी." ह्ये खोटं व्हतं. पंधरा दिस टिकली असती. म्हातारा पाच वक्त नमाज पढतो, माझ्यापायी खोटं बोलला.

मग वसरीत बसले. पंच म्हणले, "शांतम्मा, पौर्णिमेला मठात या. विडा द्यायचाय." म्या म्हणलं, देणार न्हाय.

मालकांना ऐकू आलं न्हाय असं वाटलं. म्हणले, "मागच्या बारीला दिलास की." म्या म्हणलं, "दिला. तवा मला वाटलं व्हतं, दोष माझ्यात हाय. आता दोघींत निघाला. तिसरीत निघाल्यावर चौथीचा विडा मागायला कुणाकडं जाल?" असलं म्या कधी बोलले न्हवते, त्यांनी ऐकलं न्हवतं. मालकांचं तोंड उतरलं. त्यांना कुणी हे तोंडावर म्हणलं न्हवतं, आणि बहुतेक त्यांच्या मनातबी कधी आलं न्हवतं. खरं सांगते, मला त्यांची कीव आली. पाणी इचारावं असं वाटलं, पण उठले न्हाय.

पंचातला शरणप्पा जुना माणूस. तो म्हणला, "थोरली न्हाय म्हणली तर आमाला काय बोलता येत न्हाय." रिकामं खोकं घेऊन मोटार कळंबकडं गेली. हे पत्र तुला मिळंस्तोवर ते घरी पोचले असतील. रागात असतील. तू काय बोलू नको, ताट वाढ.

आता एक ऐक. हे म्या तुझ्यासाठी केलं, असं सिताबाईला सांगत बसू नको. तुझ्यावर माझी माया न्हाय. तू तेरा फुलांवर जळलीस ते वाचून मला अजून बरं वाटतंय, आणि आडावर बसून मला हसलीस ते म्या इसरायची न्हाय.

पण तुझा मत्सर करायला मला सहा वर्षं लागली. तू कशी हसतीस, काय नेसतीस, मालक तुला काय म्हणत असतील, सगळं एकटीनं बसून ठरवलं, रोज थोडं थोडं. आता कुठं ते अंगवळणी पडलंय. तुझं पत्र आलं न्हाय तर दिस जात न्हाय, अशी गत झालीय. या वयात नवी पोर आणायची आणि तिचा मत्सर पयल्यापासनं सुरू करायचा, एवढं आता माझ्यानं व्हायचं न्हाय.

शांतम्मा